चुंबकाची मोटर करा, पण तारेचा वेढा घालून

आमच्या वाइंडिंगच्या दुकानात वर्षाकाठी दोन-तीन जण तरी मोबाईल पुढे धरून येतात. पडद्यावर लाकडी पाटावर बसवलेलं एक चाक असतं. चाकाच्या कडेला तिरपे चिकटवलेले चुंबक, बाजूने कुणीतरी धरलेला आणखी एक चुंबक, आणि चाक गरागरा फिरत असतं. सेल नाही, वायर नाही. "असंच मोठं करून द्या, विहिरीवरचा पंप याच्यावर लावतो." यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला शेतासाठी वीज रात्रीची मिळते आणि काळोखात बांधावरून चालत जाऊन पाणी मोडावं लागतं, तो अशा चाकाकडे आशेनं बघणारच. एकानं तर आराखड्याचे नुसते कागद पाच हजारांना विकत घेतले होते.

म्हणून हे आवाहन. मोटर जरूर बनवा, मुलांनाही बनवू द्या. पण वीज न घेता नुसत्या चुंबकावर चालणाऱ्या मोटरीसाठी कुणाला एक रुपयाही देऊ नका. ना आराखड्यासाठी, ना एजन्सीसाठी, ना "आधी बुकिंग" म्हणून.

का, ते हातानंच कळतं. तसं चाक करा आणि बोटानं हळूहळू फिरवा. चुंबक चुंबकाजवळ येताना चाक स्वतःहून ओढलं जातं, तेव्हा अंगावर काटा येतो. पण पुढे जायची वेळ आली की तीच ओढ त्याला मागे धरते. चाक एका जागी दोनदा मागेपुढे डुलतं आणि थांबतं. करणारा प्रत्येक जण म्हणतो, "एवढी एक जागा निघाली की झालं!" मग तो चुंबकाचा कोन बदलतो, मधे पत्र्याचा आडोसा घालतो. अडकायची जागा निघत नाही, फक्त सरकते. मीही तरुणपणी दोन पावसाळे यात घालवलेत.

हा नाद काही नवा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत पारा भरलेल्या आऱ्यांचं, आपोआप फिरणारं चाक आहे. १२६९ मध्ये पेरेग्रिनस नावाच्या फ्रेंच माणसानं चुंबकाच्या चाकाचं वर्णन लिहिलं. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं अशी यंत्रं तपासणंच बंद केलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही, निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट नाही असं कलम आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये हॉवर्ड जॉन्सन याला अशा मोटरीचं पेटंट मिळालं, ते विक्रेते हमखास दाखवतात. पेटंटाचा कागद मिळाला म्हणून यंत्र चालत नाही. त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली, त्या मोटरीवर चालणारा पंप काही दुकानात आला नाही.

शिवाय चुंबक म्हणजे डिझेल नव्हे. साखरेच्या खड्याएवढ्या, एक घन सेंटिमीटरच्या जबरदस्त निओडिमियम चुंबकात साठलेली सगळी ऊर्जा पिळून काढता आली, तरी ती एक ज्यूलही भरत नाही. नऊ वॅटचा दिवा तिच्यावर सेकंदाचा नववा हिस्साही पेटणार नाही.

आता खरी मेख शब्दात आहे. "परमनंट मॅग्नेट मोटर" ही चीज खरीच आहे, आणि कदाचित तुमच्या डोक्यावर फिरतेय. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्याच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, असेच चुंबक असतात. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. विजेच्या बऱ्याच स्कूटरच्या चाकातही अशीच मोटर असते. पण दोन्हींना वीज लागते, फक्त कमी लागते. विकणारा तुम्हाला पंखा दाखवतो आणि "कमी" या शब्दाच्या जागी हळूच "बिनविजेची" म्हणतो.

मुलांना शिकवायचं तर हे करून दाखवा. दीड व्होल्टचा मोठा सेल घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडनं एकेक सेफ्टी पिन उभी बांधा आणि सेलच्या पाठीवर एक चुंबक ठेवा. इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे घेऊन गोल कॉइल करा, तिची दोन टोकं समोरासमोर बाहेर काढा. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडा. दुसऱ्याचं मात्र कॉइल उभी धरून फक्त वरच्या अंगाचं खरवडा, खालचं तसंच राहू द्या. मग टोकं पिनांच्या भोकांत ठेवा आणि एक टिचकी द्या. फिरायला लागेल.

दोन्ही टोकं पूर्ण खरवडलीत, तर कॉइल डुलून अडकते, अगदी त्या चाकासारखी. अर्धं इनॅमल ठेवलं की अर्ध्या फेऱ्यात करंट तुटतो, ओढ संपते, आणि कॉइल आपल्या झोकात ती जागा ओलांडते. सगळी गोम इथे आहे. तारेतली ओढ बंद करता येते, चुंबकाची येत नाही. चालू-बंद करण्याचं मोल सेल मोजतो. (कॉइल थांबली तर सेल लगेच काढा, तार चांगली तापते.)

पुढे जाऊन कुणी म्हणेल, "माझी मोटर घेते त्याहून जास्त देते." तो लबाडच असेल असं नाही. झटक्याझटक्यानं वाहणारा करंट साध्या मल्टिमीटरवर चुकीचा दिसतो. बॅटरी काढून ठेवली की तिचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं, म्हणजे ती भरली असं नव्हे. त्याला इतकंच सांगा, बाहेर आलेली वीज परत आत जोड, बॅटरी काढून घे, आणि संध्याकाळपर्यंत चालव.

चुंबकांशी मात्र सांभाळून. मोठे निओडिमियम एकमेकांवर आदळले की मधलं बोट चेपतं, चुंबक फुटून कपची डोळ्यात जाते. त्यांना ड्रिल मारू नका, त्यांची भुकटी पेट घेते. पेसमेकर असलेल्या माणसापासून लांब ठेवा. लहान मुलानं दोन चुंबक गिळले तर शौचाची वाट बघत बसू नका, आतड्याची घडी मधे सापडते. तडक दवाखाना गाठा. आणि रोटरवर चुंबक नुसत्या गोंदावर सोडू नका, वरून नायलॉनच्या दोऱ्याचे घट्ट वेढे घ्या. माझ्या दुकानाच्या छताला एक खाच आहे, ती अशाच सुटलेल्या चुंबकाची.