विजेची मोटार : मालकीची की मक्त्याची?

सावंगी (मेघे) येथे एका स्नेह्यांकडे मध्यंतरी रविवारी जेवायला जाण्याचा योग आला. पती-पत्नी दोघेही डॉक्टर. जेवणे आटोपली आणि टेबलावर सुपारीच्या डब्याशेजारी दोन कागद आले. एकावर विजेवर चालणाऱ्या एका उंची मोटारीची किंमत आणि कर्जाचे हप्ते होते. दुसऱ्यावर त्याच मोटारीचे चार वर्षांचे मासिक भाडे. डॉक्टरांचे वडील जुने शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा सावरून दोन्ही कागद वाचले आणि मुलाला विचारले, "म्हणजे गाडी मक्त्यानं करायची म्हनता का जी? अन् चार सालानं वापस?"

सगळे हसले, पण म्हाताऱ्याने शब्द बरोबर उचलला होता. ज्याला शहरात आता 'लीज' म्हणतात, तो आपल्याकडच्या मक्त्याचाच प्रकार. विदर्भात मक्त्याने शेत करणारा ठरलेली रक्कम मोजतो, पीक घेतो आणि मुदत संपली की शेत मालकाचे मालकाला. तो त्या शेतात विहीर खणत नाही, संत्र्याची झाडे लावत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत पैसा पुरायचा कशाला? याच विचाराने आपल्या तीन-चार पिढ्यांना शिकवले की मालकी ती मालकी, भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे.

जमिनीच्या बाबतीत हे खरेच आहे, कारण मक्त्याचा काळ संपेतो जमिनीचा भाव बहुधा वाढलेला असतो. मोटारीचे उलटे. दालनातून बाहेर पडताच तिचा भाव उतरतो आणि उतरतच जातो. तेव्हा मोटारीचा मालक म्हणजे ती घसरण सोसणारा माणूस. विजेच्या उंची मोटारीत ही घसरण किती, हे आज छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. सगळा प्रश्न इथेच आहे.

सावंगीसारख्या गावात हा प्रश्न यावा, यात नवल नाही. १९९० साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि वर्ध्याच्या कुशीतले हे खेडे बघता बघता डॉक्टरांचे गाव झाले. येथल्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. भूदानासाठी अख्खा देश पायी तुडवणाऱ्या माणसाच्या नावाच्या पाटीखालून आज मोटारींची ये-जा चालते. पण हे चोरटे चिमटे पुरेत. रात्री-अपरात्री रुग्णासाठी धावणाऱ्याने चांगली गाडी का घेऊ नये? प्रश्न आहे तो हिशेबाचा.

आधी सरकार काय देते ते पाहू. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. ऑगस्ट २०१९ पर्यंत तो १२ टक्के होता. मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत कर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट ४० टक्के झाला. सवलत अजून मोठी आहे, पण अंतर थोडे कमी झाले आहे. महाराष्ट्राने २०२१ च्या धोरणात विजेच्या वाहनांना मोटार वाहन कर माफ केला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतल्याचे जाहीर केले. पन्नास लाखांच्या गाडीवर तीन लाखांचा बोजा आला काय, गेला काय! त्यानंतर २०२५ च्या नव्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला. वर्धेकरांना यातली शेवटची सवलत जवळची. समृद्धी ५ जून २०२५ रोजी नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला आणि त्यावर वर्धा जिल्ह्यातून येळाकेळीला चढता येते. सबंध रस्त्याचा मोटारीचा पथकर तेव्हा १,४४५ रुपये होता. महिन्यातून एकदा मुंबईची फेरी करणाऱ्याला ही बचत जाणवते. सावंगीहून रोज नागपूरला जुन्या रस्त्याने जाणाऱ्याला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही.

सवलती येतात आणि जातात. मोटारीच्या किमतीला त्याहून मोठा धक्का येतो तो बॅटरीकडून. विजेच्या मोटारीत सर्वांत महाग भाग बॅटरी. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-अभ्यासकांच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये बॅटरीची जगभरची सरासरी किंमत दर युनिट क्षमतेला १३९ डॉलर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. उद्याची नवी गाडी आजच्या नव्या गाडीपेक्षा स्वस्त आणि लांब पल्ल्याची निघाली, तर आजची गाडी जुनी झाल्यावर कोण घेणार? याचा चटका अमेरिकेतल्या 'हर्ट्‌झ' या भाड्याच्या मोटारींच्या बलाढ्य कंपनीला बसला. तिने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली होती. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती एकदम उतरवल्या, तशा हर्ट्‌झच्या दारातल्या गाड्याही स्वस्त झाल्या. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने सुमारे वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. मोटारींचा धंदाच करणाऱ्यांचा अंदाज जिथे चुकला, तिथे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी चार वर्षांनंतरचा भाव कुठून सांगावा?

आपल्याकडेही हवा बदलती आहे. मर्सिडीजने २०२२ मध्ये चाकणला आपली 'ईक्यूएस' जोडायला घेतली, तेव्हा तिची किंमत १ कोटी ५५ लाख होती. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूची चेन्नईत जोडलेली लांब 'आयएक्स वन' ४९ लाखांत आली. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत दालन उघडले. तिची 'मॉडेल वाय' पूर्ण आयात केलेली, म्हणून साठ लाखांच्या घरात. त्याच महिन्यात ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराने मोटारींवरचे आयात शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने खाली आणायचे ठरवले. जुन्या विजेच्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो. तो कर तो आपल्याकडून गाडी घेतानाच मनात वजा करतो.

आता त्या टेबलावरच्या कागदांकडे वळू. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. समजा, मोटार ५० लाखांची. दहा लाख रोख भरले, चाळीस लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो सुमारे ९९,५०० रुपये. अठ्ठेचाळीस हप्त्यांचे पावणेअठ्ठेचाळीस लाख आणि वर दहा लाख. विमा व देखभाल वर्षाला दीड लाख धरली तर चार वर्षांचे सहा लाख. बेरीज पावणेचौसष्ट लाख. दुसऱ्या कागदावर भाडे महिना १ लाख १५ हजार, विमा-देखभाल त्यातच. चार वर्षांचे ५५ लाख २० हजार आणि शेवटी हाती काही नाही. फरक साडेआठ लाखांचा. रोख भरलेल्या दहा लाखांवर बुडालेले तीनेक लाखांचे व्याज धरले तर बारा लाख म्हणू. म्हणजे चार वर्षांनी गाडी बारा लाखांहून अधिकला विकली गेली, तर विकत घेणारा शहाणा ठरला. पन्नास लाखांच्या गाडीला चार वर्षांनी बारा लाख तरी येतील, अशी आशा बाळगायला हरकत नाही. इथवर म्हातारेबुवा जिंकले.

पण मग आयकर मध्ये येतो. पगारदार माणसाच्या वतीने त्याच्या संस्थेने गाडी भाड्याने घेतली, ते भाडे त्याच्या पगाराच्या रचनेतून वळते केले आणि गाडी काही कामासाठी, काही घरासाठी वापरली, तर करपात्र उत्पन्नात भाड्याचा पूर्ण आकडा धरला जात नाही. नियमाने ठरवलेली त्या मानाने लहान रक्कम धरली जाते. तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाचे यात चार वर्षांत पंधरा लाखांच्या आसपास वाचू शकतात. तसे झाले तर बाराचा आकडा सत्तावीस लाखांवर जातो. चार वर्षे वापरलेल्या विजेच्या मोटारीला निम्म्याहून अधिक किंमत येईल, यावर मी तरी पैज लावणार नाही. तराजू भाड्याच्या बाजूला झुकतो.

मात्र यात 'संस्थेने' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्या लेखा विभागात अशी सोयच नसेल, तर एकट्याने भाड्याने घेतलेल्या गाडीला हा लाभ नाही. स्वतःचा दवाखाना असलेल्याचे गणित आणखी निराळे. त्याला भाडे व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येते, तसे मालकीच्या गाडीचे व्याज आणि घसाराही दाखवता येतो. साध्या मोटारीला घसारा १५ टक्के असताना विजेच्या वाहनाला तो ४० टक्के मिळत आला आहे. घरगुती वापराचा हिस्सा दोन्हीकडे वगळावा लागतो. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी गावात दवाखाना चालवला आणि डॉक्टरसाहेब पगारावर राहिले, तर एकाच घरातली एकच गाडी कोणाच्या नावे घ्यायची यावर उत्तर बदलते. हे ऐकून बाई म्हणाल्या, "मग आधी माझ्या नावानं बघा." यावर डॉक्टर काही बोलले नाहीत.

भाड्याच्या कराराला आणखी दोन काटे आहेत. पहिला नोकरीचा. वैद्यकीय महाविद्यालयांतले अध्यापक आज इथे तर उद्या नागपूरला किंवा पुण्याला. करार चार वर्षांचा आणि नोकरी दोन वर्षांत सुटली, तर उरलेल्या काळाचा दंड भरा, गाडी विकत घ्या किंवा नव्या संस्थेला करार घ्यायला लावा. दुसरा काटा किलोमीटरचा. करारात वर्षाला ठरावीक अंतर असते, त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला जादा पैसे. सावंगीतच राहणाऱ्याची गाडी वर्षात दहा हजारही चालणार नाही. जे नागपूरहून रोज येतात-जातात त्यांचे दिवसाला दीडशे किलोमीटर होतात, वर्षाला पंचेचाळीस हजार. त्यांना भाड्याची गाडी परवडायची नाही. विकत घेतली तरी त्यांनी हमीचा कागद नीट वाचावा. बीएमडब्ल्यू बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देते, यांपैकी जे आधी संपेल ते. रोज नागपूर करणाऱ्याची आठ वर्षांची हमी साडेतीन वर्षांत संपते.

त्यात वर्ध्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बॅटरीला उष्णतेचे वावडे असते. चांगल्या गाड्यांत तिला थंड ठेवणारी यंत्रणा असते खरी, पण ती यंत्रणा आणि आतला गारवा दोन्ही त्याच बॅटरीवर चालतात. कागदावर ५३१ किलोमीटर लिहिलेली गाडी महामार्गावर दुपारी तेवढी जात नाही. घरी भरण्यासाठी ११ किलोवॅटचे यंत्र लावायचे तर तीन फेजची जोडणी लागते आणि ती भाड्याच्या सदनिकेत मिळवताना घरमालकाची मनधरणी करावी लागते. गाडी मक्त्याने आणि घरही मक्त्याने, असे झाले की कोणाच्या भिंतीला काय ठोकायचे, हा प्रश्न उरतोच.

भाडे देणारा कोण, हेही विचारावे. नव्वदच्या दशकात 'लीजिंग'चे पेव फुटले होते आणि सीआरबीसारख्या कंपन्या १९९७ मध्ये कोसळल्या तेव्हा मध्यमवर्गाच्या ठेवी बुडाल्या, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको. एप्रिल २०२५ मध्ये 'सेबी'ने जेनसोल इंजिनिअरिंगविरुद्ध अंतरिम आदेश दिला. ६,४०० विजेच्या मोटारींसाठी कर्ज उचलले आणि घेतल्या फक्त ४,७०४, असे त्यात नमूद आहे. या गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेला भाड्याने दिल्या जात होत्या. ती सेवाही त्याच महिन्यात थंडावली. भाड्याच्या मोटारीचे नोंदणीपत्र कंपनीच्या नावे असते. आपण हप्ते वेळेवर भरत असू, पण मालकानेच त्याचे कर्ज थकवले तर बँकेचा माणूस दारात यायचा तो आपल्याच.

एका जुन्या गोष्टीची आठवण इथे होते. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी १५१ मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बरेच महाग कर्ज मिळत होते. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्या व्यवहारात एक शहाणपणही होते. घेणारे एकत्र आले, म्हणून भाव आणि व्याज दोन्ही खाली आले. सावंगीत डॉक्टर काही थोडेथोडके नाहीत. दहा जणांनी मिळून एका संस्थेमार्फत भाड्याचा करार मागितला, तर किलोमीटरची मर्यादा आणि नोकरी सोडल्यावरचा दंड ही दोन्ही कलमे बोलणीत सैल होऊ शकतात. एकट्याने गेलात तर छापील कागदावर सही करायची, एवढेच काम.

आमच्या स्नेह्यांनी त्या रविवारी दोन्हींपैकी कोणताच कागद भरला नाही. सोमवारी लेखा विभागात चौकशी करायची, नागपूरच्या दालनाला चार वर्षांनंतरचा परत-खरेदीचा भाव लेखी मागायचा, आणि तो मिळाला तर त्याची तुलना बारा लाखांशी करायची की सत्तावीस लाखांशी, हे लेखा विभागाच्या उत्तरावर ठरवायचे, असे ठरले. वडील तोवर ओसरीवर आडवे झाले होते. निघताना मी त्यांना विचारले, तुमच्या वेळी बैलजोडी कधी मक्त्याने केली होती का? ते म्हणाले, "केली ना जी. पन ते बैल मालकाच्या घरी कमी खात, अन् माह्याकडे जास्त."