आरोपाचे व्याकरण

राजकीय चर्चेतून 'जातीयवादी' हा शब्द काही काळ तरी हद्दपार करावा, अशी सूचना अलीकडे सुबुद्ध आणि समन्वयशील मंडळींकडून वारंवार केली जाते. ऊठसूट कोणीही कोणालाही जातीयवादी म्हणतो. त्यामुळे शब्द गुळगुळीत होतो, चर्चा मुद्द्यावरून माणसावर घसरते आणि खरा जातीयवादी मोकळा सुटतो, असा या सूचनेमागील युक्तिवाद. त्याला आधार नाही असे नाही. २०२१ मध्ये राज ठाकरे यांनी महाराष्ट्रातील वाढत्या जातिद्वेषाचा संबंध १९९९ मधील राष्ट्रवादी काँग्रेसच्या स्थापनेशी जोडला आणि शरद पवार यांनी त्यांना प्रबोधनकार वाचण्याचा सल्ला दिला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. जातीचा एकही प्रश्न तसूभर पुढे सरकला नाही. परंतु म्हणून शब्दच नको, हा निष्कर्ष मला अमान्य आहे. आरोप करणे थांबवा, या उपदेशाचा लाभ आजवर ज्याच्यावर आरोप व्हायचा त्यालाच झालेला आहे. रोग आरोपाच्या अतिरेकात नाही, त्याच्या व्याकरणात आहे, असे मला वाटते. आपण आरोप विशेषणाने करतो. तो क्रियापदाने करावयास हवा.

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात मराठी शिकवताना 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेपाशी दरवर्षी थांबावे लागते. अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना फुल्यांनी १८७३ मध्ये हे पुस्तक अर्पण केले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. बेटेगावहून येणाऱ्या एका आदिवासी विद्यार्थिनीने एकदा विचारले, "सर, मग 'वंशवादी' हा शब्द आपल्याकडे कोणाला लावायचा?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याजवळ कोणते शब्द आहेत आणि ते कोठून आले, याचा झाडा घ्यावा लागतो.

'जात' हा शब्द जुन्या मराठीत प्रकार, वर्ग, कुळी अशा अनेक अर्थांनी वावरतो. आंब्याची जात असते, तांदळाची असते, माणसाचीही असते. 'जातीय'ला राजकीय धार आली ती भाषांतरातून. रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी १६ ऑगस्ट १९३२ रोजी जो निवाडा जाहीर केला, तो मराठीत 'जातीय निवाडा' झाला. त्यात मुसलमान, शीख, भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, युरोपीय आणि अस्पृश्य या सर्वांचे स्वतंत्र मतदारसंघ एकाच पंगतीत बसले होते. धर्मभेदाचे आणि जातिभेदाचे राजकारण त्या क्षणी मराठीत एकाच विशेषणाच्या पोटी गेले. पुढे हिंदू-मुसलमान दंगलीही 'जातीय दंगली' झाल्या. या एकीकरणाचा परिणाम केवळ कोशगत नाही. जो स्वतःच्या धर्मसमूहाचे वर्चस्व मागतो तो जातीय, आणि जो जातीमुळे लादलेल्या हीनतेतून सुटका मागतो तोही जातीय, असे समीकरण त्यामुळे शक्य झाले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापूर्वी स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या आंबेडकरांवर झालेली बरीचशी टीका या समीकरणावरच उभी होती. जातीचे नाव घेणारा जातीयवादी ठरतो, आणि जात पाळणाऱ्याला तिचे नाव घेण्याची गरजच पडत नाही!

आता विशेषणाचा दोष पाहावा. 'अमुक नेता जातीयवादी आहे' या वाक्यात काहीही घडत नाही. 'आहे' हे क्रियापद येथे केवळ कर्ता आणि त्याचा गुण यांना जोडते. असे वाक्य सिद्ध करावयाचे तर कर्त्याच्या अंतःकरणात शिरावे लागते. खोडावयाचे तर त्याला अंतःकरणाची साक्ष पुरते. म्हणूनच प्रत्येक आरोपित आपल्या मित्रांची यादी सादर करतो, कोणाच्या घरी आपण जेवलो ते सांगतो, आणि आरोप करणाऱ्याच्या हेतूकडे बोट दाखवतो. दोन अंतःकरणांच्या या खटल्याला साक्षीदार नसतो, म्हणून निकालही नसतो. 'अमुकाने अमुक शेत बळकावले', 'अमुकाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही' ही वाक्ये मात्र तपासता येतात. त्यांना स्थळ असते, काळ असतो, कर्म असते.

फुल्यांच्या गद्याची ताकद मला येथे दिसते. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ क्रियापदांनी खचाखच भरलेला आहे. जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून कोण, कोणत्या निमित्ताने, काय घेते, याची ती जवळजवळ हिशेबवही आहे. तिला उत्तर द्यावयाचे तर प्रत्येक नोंद खोडावी लागली असती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'त फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तो त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवून. जातिव्यवस्थेवरील आरोपाला मराठी समीक्षेने दिलेले आरंभीचे ठळक उत्तर शुद्धलेखनाचे असावे, ही आपल्या परंपरेची लाजिरवाणी बाब आहे. आजचा 'शब्द हद्दपार करा' हा आग्रह तिचाच सभ्य वारस आहे, असे म्हटले तर समन्वयशील मंडळींनी रागावू नये.

पुढे १९७२ मध्येही तेच घडले. 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या विशेषांकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखात दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला होणारी शिक्षा आणि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्याला होणारी शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या. तुलना दोन कृत्यांची आणि त्यांच्या दंडांची होती. वाद पेटला तो ढाल्यांच्या शब्दांवरून. दुर्गा भागवतांसारख्या स्वातंत्र्याच्या पक्षधर लेखिकेनेही निषेध नोंदवला. ध्वजाविषयी वापरलेली भाषा असभ्य होती की नव्हती, यावर महाराष्ट्राने जेवढा विचार केला, तेवढा त्या कमी दंडावर केला नाही. याच सुमारास 'साहित्याला जात नसते' हे सूत्र दलित साहित्याच्या विरोधात ठणकावून मांडले जात होते. ज्या साहित्यव्यवहारात बहुतेक संपादक, परीक्षक आणि अध्यापक मोजक्याच जातींमधून येत होते, त्याने दलित लेखकावर जातीयतेचा आरोप ठेवावा, हा विशेषणाचा विजय होता.

मग 'वंशवाद'? मराठीत हा शब्द परदेशच्या बातम्यांसाठी राखीव आहे. दक्षिण आफ्रिकेसाठी 'वर्णद्वेष', अमेरिकेसाठी 'वंशवाद', आणि मेलबर्नमध्ये मराठी मुलाला मारहाण झाली की पुन्हा 'वंशवाद'. घरी मात्र तो लागू होत नाही. २००१ मध्ये डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे नेला आणि भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. गंमत अशी की या विधानाला सर्वांत भक्कम आधार आंबेडकरांचाच आहे. १९१६ चा कोलंबियातील निबंध आणि १९३६ चे 'जातिनिर्मूलन' या दोन्हींत त्यांनी जातीची वांशिक उपपत्ती नाकारली. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. पण त्याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. उपपत्ती वेगळी असली तरी कृत्ये सारखी असू शकतात, हे त्यांना उमगलेले होते. १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय करारातही वंश आणि वर्ण यांबरोबर जन्मकुळाचा उल्लेख आहे. सरकारने नामाची शुद्धता राखली आणि क्रियापदांची चौकशी टाळली.

क्रियापदांनी आरोप करता येतो, याचा उत्तम नमुना आपल्याच विधिग्रंथात आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम मराठीच्या वर्गात वाचून दाखवावे इतके बोलके आहे. अखाद्य पदार्थ खाण्यास भाग पाडणे, दारात घाण टाकणे, विवस्त्र करून धिंड काढणे, जमीन बळकावणे, वेठबिगारी करावयास लावणे: एकेक कृत्य तेथे नोंदलेले आहे. सार्वजनिक चर्चेत मात्र हा सारा कायदा 'जातिवाचक शिवीगाळ' या एका उपकलमाएवढा आकसला. शिवीगाळीतच शब्द आणि हेतू यांचा खेळ खेळता येतो. 'गैरवापर' हा शब्द याच वाटेने आला. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी तक्रारीपूर्वी चौकशीची आणि अटकेपूर्वी मंजुरीची अट घातली. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. मधल्या काळात आरोप करणाराच आरोपी असल्याप्रमाणे वागवला गेला.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आता यावे. बेटेगाव, बोईसर, तारापूर हा पट्टा आज औद्योगिक वसाहतीने, १९६९ पासून चालू असलेल्या अणुवीज केंद्राने आणि नव्या गृहसंकुलांनी ओळखला जातो. येथील राजकीय आरोपांचा कोश संपन्न आहे: प्रांतवादी, परप्रांतीय, उपरा, जातीयवादी, धर्मद्रोही. त्यात वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी यांच्यावर जे होते त्याला मात्र शब्द नाही. पालघर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत सर्व उमेदवार आदिवासी होते. प्रचार गाजला तो मराठी आणि उत्तर भारतीय अस्मितांवर, आणि योगी आदित्यनाथ यांनी शिवछत्रपतींच्या प्रतिमेला हार घालताना पादत्राणे काढली नाहीत या आरोपावर. ज्यांच्यासाठी जागा राखीव, ते त्या वादात ना आरोप करणारे होते ना आरोपाचा विषय.

याहून गंभीर उदाहरण १६ एप्रिल २०२० चे आहे. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या केली. कृत्य अमानुष होते. त्याचे समर्थन कोणत्याही दारिद्र्याने होत नाही. पण चर्चा सुरू झाली ती मारणाऱ्यांचा धर्म कोणता, या प्रश्नाने. गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून तीत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. आरोप खोडला गेला, पण त्यामागचा प्रश्न मान्य करून. त्यानंतर मिशनऱ्यांपासून कम्युनिस्टांपर्यंत चिथावणीखोरांचा शोध सुरू झाला. आदिवासी माणूस स्वतः काही करीत नाही, त्याच्याकडून कोणीतरी करवून घेतो, हे गृहीतक दोन्ही बाजूंना समान होते. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीला नकार दिला तेव्हा जमीनदारही हेच म्हणत होते. वारल्याला उठावाचे श्रेय द्यावयाचे नाही आणि गुन्ह्याची जबाबदारीही द्यावयाची नाही. वाक्यात त्याला कर्तेपणच द्यावयाचे नाही. 'वंशवादी' हा शब्द आपल्याकडे कोठे लावावयाचा असेल तर तो या गृहीतकाला लावावा, आणि तोही ते कोणत्या कृत्यांतून चालते हे सांगूनच.

कृत्ये दूर शोधावी लागत नाहीत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या ग्रंथाने 'लग्नगडी' हा शब्द मराठी वाचकापर्यंत पोहोचवला. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबावे, अशी ही रीत. २३ मे १९४५ च्या झरी येथील परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्यांवर गोळीबार झाला. लग्नगडी हा तोवर व्यवहारातला साधा शब्द होता. त्या लढ्याने तो आरोपाचा केला. १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती कायद्याने संपवली गेली, तरी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला वसईच्या परिसरात वेठबिगार सोडवावे लागले. आजही पावसाळ्यात घरातले धान्य सरले की कातकरी कुटुंब वीटभट्टीच्या मालकाकडून 'उचल' घेते, दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जाते, आठवड्याची खर्ची घेऊन राबते आणि हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा काही रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. सक्तीच्या श्रमाचा पुरावा मिळाला की त्यामागे कर्ज आहे असे गृहीत धरावे आणि ते खोडण्याचा भार मालकावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सांगितले. कायद्याने हेतूची चौकशी सोडून दिली. आपली राजकीय चर्चा तेथेच अडकून आहे.

भट्टीमालकाला कोणी वंशवादी म्हणत नाही, जातीयवादीही म्हणत नाही. तो 'शेठ' असतो. तो मराठी असेल तर भूमिपुत्र असतो, नसेल तर परप्रांतीय. दोन्ही वेळा उचल बाजूला राहते, कारण 'उचल' हा शब्द अजून त्याच्या वहीतच आहे. मराठी समाजभाषाविज्ञानाने त्याची दखल घेतलीच, तर ती 'व्यवसायबोली' या प्रकरणात घेतली जाईल.