यशवंतपूरचा दुसरा उमेदवार

आज २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. अठरा वर्षं पुरी झालेल्यांच्या हातात ओळखपत्रं पडतील, शाळा-कॉलेजांत शपथा होतील. जिंकलेल्यांचे सत्कार वर्षभर चालूच असतात. पडलेल्या उमेदवाराची आठवण मात्र या दिवशीही कोणी काढत नाही. आम्ही ती काढणार आहोत, बंगळूरच्या यशवंतपूरच्या निमित्ताने.

मराठी माणसाला यशवंतपूर ठाऊक आहे ते रेल्वेगाडीच्या पाटीवरून. त्या नावाचा विधानसभा मतदारसंघ मात्र स्टेशनापासून दूर, केंगेरी-तावरेकेरेच्या बाजूला पसरला आहे. खुद्द यशवंतपूर वॉर्ड राजराजेश्वरीनगर मतदारसंघात मोडतो! मतदारसंघांची फेररचना करणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जाऊ.

२००८ साली इथली पहिली निवडणूक झाली. भाजपच्या शोभा करंदलाजे यांनी काँग्रेसच्या एस. टी. सोमशेखर यांना अवघ्या १,०८२ मतांनी हरवलं. म्हणजे आजचे आमदार तेव्हा पडलेले उमेदवार होते. २०१३ आणि २०१८ मध्ये ते काँग्रेसकडून निवडून आले, २०१९ ची पोटनिवडणूक त्यांनी भाजपमध्ये जाऊन जिंकली आणि २०२३ मध्येही कमळावरच बाजी मारली. या चारही वेळी दुसऱ्या क्रमांकावर एकच माणूस होता : धर्मनिरपेक्ष जनता दलाचे टी. एन. जवरायी गौडा. आमदारांनी पक्ष बदलला, यांनी ना पक्ष बदलला ना मतदारसंघ. फरक होता अनुक्रमे २९,१००, १०,७११, २७,६९९ आणि १५,११८ मतांचा. हरणाऱ्याची मतं मात्र दर खेपेला वाढत गेली, ९१ हजारांवरून १ लाख ५४ हजारांवर. २०१९ मध्ये जेवढ्या मतांवर सोमशेखर आमदार झाले, त्याहून जास्त मतं घेऊन गौडा २०२३ मध्ये घरी बसले.

पुढचं नाटक आणखी रंगलं. सप्टेंबर २०२३ मध्ये जनता दलाने भाजपशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमदारांनी राज्यसभेसाठी काँग्रेसच्या बाजूने मत टाकलं आणि मे २०२५ मध्ये भाजपने त्यांची हकालपट्टी केली. दरम्यान गौडा विधान परिषदेवर गेले. चार लढती समोरासमोर लढलेल्या दोघांनाही खुर्ची मिळाली. चिन्ह बघून मत देणाऱ्याच्या हाती काय लागलं, ते त्याचं त्याने शोधावं.

जुन्या आमदाराला हलवणं इतकं अवघड का जातं? लोक पैसा आणि जात ही दोन उत्तरं देतात. ती खोटी नाहीत, पण बंगळूरमध्ये तिसरंही कारण आहे. इथल्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर नगरसेवकच नाहीत. गेल्या सप्टेंबरात एका पालिकेच्या पाच झाल्या, तरी पाचही प्रशासकांच्या हाती. गटार तुंबलं, दिवा गेला की माणूस आमदाराच्या दारात उभा. आमदाराला याहून काय हवं? उद्या त्याच्यासमोर उभा राहू शकेल असा माणूस वॉर्डातच तयार होत असतो, आणि ती शाळाच बंद आहे.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या काँग्रेस नेत्याला जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडलं, तेव्हा ते आभाळातून पडलेले नव्हते. कामगार संघटनेचं बळ त्यांच्यामागे होतंच, शिवाय १९६१ पासून ते मुंबई महापालिकेत नगरसेवक होते. पाटील स्वतः त्याच पालिकेत वाढलेले, मुंबईचे माजी महापौर. दोघंही एकाच तालमीतले. (जॉर्ज पोरवयात पाद्री व्हायला बंगळूरलाच गेले होते, तिथलं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं ते बरंच झालं.)

तालीम बंद असली की मल्ल बाहेरून आणावा लागतो. बंगळूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे तीनदा निवडून आलेले खासदार डी. के. सुरेश यांना २०२४ मध्ये डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी २ लाख ६९ हजारांहून अधिक मतांनी पाडलं. डॉक्टर जयदेव हृदयरोग संस्थेचे निवृत्त संचालक, देवेगौडांचे जावई. माणूस नामवंत, पण वॉर्डातून वर आलेला नव्हे.

मुंबईने जवळजवळ चार वर्षं ताटकळून या १५ जानेवारीला पालिकेसाठी मतदान केलं. बंगळूर अजून ताटकळतच आहे. तिथली शेवटची पालिका निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. आज हातात नवं ओळखपत्र घेऊन उभी असलेली मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.