एका रुपयाची पुडी आणि तिची खरी किंमत

कोणत्याही किराणा दुकानाच्या दारात शाम्पू, केसांचे तेल आणि फेस क्रीमच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. पुडी फाडून केस धुतले की दोन मिनिटांत तिचे काम संपते. पुढे ती कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या पुडीचा जन्म एका चांगल्या हेतूतून झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तामिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली. श्रीमंत जे वापरतात ते कष्टकऱ्यालाही परवडावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्यांच्या 'चिक' शाम्पूच्या पुड्या खेडोपाडी पोहोचल्या. मोठ्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते, त्याला महिन्याभराची बाटली एकदम घेणे कठीण असते. पुडीने त्याची सोय केली.

दोष आहे तो पुडीच्या घडणीत. आतील द्रव सुकू नये व सुगंध उडू नये म्हणून पॉलिस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिन यांसारख्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांवर घट्ट चिकटवले जातात. हे थर पुन्हा वेगळे करणे अत्यंत अवघड व खर्चिक असते. कचरा वेचणारी भगिनी पाण्याची रिकामी बाटली आवर्जून उचलते, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. पुडी मात्र तशीच पडून राहते. शेकडो पुड्या वेचल्या तरी वजन भरत नाही आणि त्यांना गिऱ्हाईकही नसते. पावसाळ्यात हाच कचरा गटारात, गटारातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातो. आपल्या किनाऱ्यावरील मच्छिमार बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिकही येते, ते उगाच नव्हे.

कायद्याने काय केले? मार्च २०१६ च्या केंद्रीय नियमांनी गुटखा, तंबाखू व पानमसाल्यासाठी प्लॅस्टिकच्या पुड्यांना मनाई केली. पुनर्वापर होऊ न शकणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करावे, असेही त्यांत म्हटले होते. ती मुदत संपत असतानाच, मार्च २०१८ मध्ये, नियमाची शब्दरचना बदलण्यात आली. ज्यातून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा अन्य उपयोग होऊ शकतो, ते प्लॅस्टिक या बंधनातून सुटले. थोडक्यात, पुडी सिमेंटच्या भट्टीत जाळता येत असेल तर ती चालेल! १ जुलै २०२२ पासून देशभर कान साफ करण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर बंदी आली. शाम्पूची पुडी त्या यादीतही नव्हती. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कागदावरील जबाबदारी गावच्या गटारापर्यंत पोहोचल्याचे आम्हाला दिसत नाही.

आमच्या मते येथे प्रश्न न्यायाचा आहे. नफा कंपनीला मिळतो, सोय ग्राहकाची होते आणि भार मात्र सफाई कामगार, मच्छिमार व गटाराकाठी राहणाऱ्या कुटुंबांवर पडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले, त्याचा अर्थ येथे उमगतो.

म्हणून पुडी घेणाऱ्या मजूर स्त्रीला दोष देऊ नये. बाटलीपेक्षा पुडीतील शाम्पू अनेकदा मिलिलिटरमागे स्वस्त पडतो. त्यामुळे ज्यांना बाटली परवडते तेही पुड्याच घेतात. हा दर कंपन्यांनी ठरवलेला आहे आणि त्यांनाच तो बदलता येईल. सुटे तेल आणायला घरची बाटली घेऊन जाण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांना परकी नव्हती. शाम्पूही तसा मोजून मिळू शकेल. कंपन्यांनी ती व्यवस्था उभारावी आणि शासनाने त्यांना भाग पाडावे, ही मागणी आपण एकमुखाने केली पाहिजे. तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी मोठी बाटली किंवा कागदात गुंडाळलेली साबणाची वडी घ्यावी. गरिबाच्या गरजेतून जन्मलेल्या पुडीचे ओझे पुन्हा गरिबाच्याच दारात टाकणे आपल्याला शोभत नाही.