विद्या आणि वास्तपुस्त

बडोद्याच्या गादीला वारस हवा म्हणून 1875 च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकरीपुत्र दत्तक घेतला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. आणि त्याच दशकात पुण्यात, कोणतीही गादी चालवायची नसताना, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या आश्रयास आलेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल पोटचे मानून पदरी घेतले. पहिला मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड, ज्यांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दुसरा यशवंत, जो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात आईसह रुग्णसेवेस उभा राहिला.

या दोघांना केवळ नाव मिळाले असते, तर इतिहासाने त्यांची नोंद एखाद्या दस्तऐवजाच्या कोपऱ्यात करून ठेवली असती. सयाजीरावांना त्या काळाची विद्या शिकवण्यास इलियटसाहेब आणि राज्यकारभार समजावण्यास दिवाण टी. माधवराव होते, यशवंतासाठी जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र केले आणि पुढे सत्यशोधक समाजातील सहकाऱ्याच्याच घरची मुलगी सून म्हणून आणली. युगाची विद्या आणि पाठीशी उभी असलेली माणसे, हीच दत्तकाची खरी इस्टेट होय, असे आम्ही मानतो.

आजच्या युगाची विद्या संगणकाची आहे. पालकांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांना कायद्याचाही आधार आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात दत्तकाबरोबर प्रतिपालकत्वाचीही, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळण्याचीही, वाट आहे. महाराष्ट्रात सावित्रीबाईंच्याच नावाच्या बालसंगोपन योजनेतून सांभाळ करणाऱ्या कुटुंबास दरमहा 2,250 रुपये देण्याची तरतूद झाली. 2018 मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षणही आले. परंतु या सवलतींपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आता कचेरीच्या पायरीवरून नव्हे, तर पडद्यावरच्या अर्जावरून जातो. सरकारी कारकुनाच्या जागेसाठी एमएस-सीआयटीसारखा संगणकाचा दाखला मागितला जातो, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरच भरावा लागतो, आणि तो पुरा करणारा ओटीपी अशा मोबाइलवर येतो, जो बालगृहातील मुलाच्या मालकीचा नसतो. अठरा वर्षे पूर्ण होताच संस्थेचा मुक्काम संपतो. अनुरक्षणाची, म्हणजे त्यानंतरच्या सांभाळाची, मुभा एकविसाव्या वर्षापर्यंत असली, तरी तिचा अर्ज लिहिताना शेजारी बसणारे कोणी असेलच असे नाही.

म्हणून जुना संगणक संस्थेच्या दारात ठेवून कृतार्थ होणाऱ्या दानशूरांना आमचे नम्र सांगणे असे की, यंत्र हे पाटीसारखे आहे. हात धरून गिरवून घेणारा नसेल, तर पाटी कोरीच राहते. आणि एकाकी मुलाच्या हाती यंत्र देऊन त्याची वास्तपुस्त न करणे हे तर धोक्याचेही आहे. कारण ज्याला मायेने बोलणारे घरात कोणी नाही, त्याला पडद्यापलीकडचा अनोळखी लबाडही आप्त वाटू लागतो. दत्तक घरांतही ही जबाबदारी संपत नाही. आपली जन्मदात्री कोण, हा प्रश्न दत्तक मुलाला पडद्याला विचारण्याआधी आईच्या मांडीवर डोके ठेवून विचारता आला पाहिजे. वर्गात वंशवृक्ष काढताना त्याचा हात अडखळला, तर गुरुजींनी वृक्षाला कलमही लागते, हे प्रेमाने सांगितले पाहिजे.

दिवाळीत आपल्यापैकी अनेकजण बालगृहात फराळ आणि कपडे घेऊन जातात. तो रिवाज थोर आहे; तो मोडू नका. पण यंदा परत येताना तेथील अधीक्षकांकडून रविवारचा एक तास रीतसर मागून घ्या, संस्थेचे नियम पाळा, एका मुलाला स्वतःचा अर्ज स्वतः भरावयास शिकवा, आणि तो मुलगा अठरा वर्षांचा होऊन बाहेर पडेल तेव्हा पहिल्या पगाराची बातमी ज्याला सांगावी, असे एक माणूस व्हा. पुढच्या दिवाळीला आपल्या घरच्या पंगतीत एक पाट अधिक मांडावा, एवढेच वाचकांपाशी आमचे मागणे आहे.