घरच्या पाण्याचा वेगळा हिशेब

अलीकडे पुष्कळ शेतकरी गांवठाण सोडून आपल्या शेतांत घर बांधूं लागले आहेत. शेती नजरेखालीं राहते व गुरांची निगा नीट होते, म्हणून ही प्रवृत्ति इष्टच आहे. परंतु गांवचा नळ मागें राहतो आणि पाण्याची तजवीज ज्याची त्यास करावी लागते. अशा वेळीं बहुतेकांस एकच तोड सुचते: बोअर घ्यावा, एक कोरडा गेला तर दुसरा घ्यावा, दोनशें फुटांवर भागलें नाहीं तर चारशेंपर्यंत जावें. हा मार्ग पहिला नसून शेवटचा असावा, असें आमचें मत आहे.

प्रथम गरजेचें मोजमाप करूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशननें ग्रामीण भागाकरितां माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें. त्या मानानें सहा माणसांच्या कुटुंबास रोज ३३०, म्हणजे वर्षास सुमारें १ लाख २० हजार लिटर पाणी लागेल. उलट एक एकर पिकांत पांच सेंटिमीटर पाणी उभें राहील अशी एक पाळी दिली, तर सुमारें दोन लाख लिटर खर्चीं पडतात. घरास वर्षभर पुरून उरेल एवढें पाणी एका एकराच्या एका पाळींत जातें! अर्थात् ज्याच्या शेतांत विहीर आहे, त्याच्या घरची टंचाई पाण्याच्या अभावापेक्षां हिशेबाच्या अभावानेंच अधिक होते. पिकाचें व घरचें पाणी एकाच खात्यावर मांडलें, कीं मोठा खर्च लहान गरजेस गिळून टाकतो.

दुसरें कारण जमिनीच्या घडणीचें. महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यांतील पाणी मुख्यतः वरच्या मुरमाड थरांत व खडकाच्या भेगांत असतें; खोल गेल्यानें तें वाढेलच असें नाहीं. शिवाय जमिनीवरचा बांध भूगर्भांतील पाण्यास ठाऊक नसतो. एकाचा खोल बोअर शेजाऱ्याची उथळ विहीर आटवूं शकतो. म्हणूनच राज्याच्या १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई केली होती.

खोल पाणी तें निर्मळ, ही समजूतहि पुरती खरी नाहीं. यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवीं भूजलांत फ्लोराइड अधिक आढळलें आहे. तें दिसत नाहीं, उकळून जात नाहीं, आणि दांत व हाडें मात्र बिघडवितें. लिटरास दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. यास्तव तपासणीवांचून नव्या बोअरचें पाणी मुलाबाळांस देऊं नये.

मग करावें काय? आधीं छपराकडे पाहावें. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ५० हजार लिटर पाणी होतें. पांचवा हिस्सा वायां गेला तरी ४० हजार हातीं लागतें. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं दहा लिटर धरले, तर फेब्रुवारीपासून अर्ध्या जूनपर्यंतच्या १३५ दिवसांस ८,१०० लिटर पुरतात. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल असें बांधीव टांकें एवढ्यास पुरेसें आहे. पहिल्या सरींचें पाणी बाहेर सोडावें, पन्हळीच्या तोंडीं जाळी व गाळणी असावी, आणि टांक्यांत उजेड शिरूं देऊं नये. भरून वाहणारें पाणी खडी-वाळूंतून गाळून विहिरीजवळ जिरवावें.

त्यानंतर विहीर. सहा मीटर व्यासाच्या विहिरींत तळचें एक मीटर पाणी पिकास न देतां राखलें, तर २८ हजार लिटर, म्हणजे घरची ८५ दिवसांची बेगमी होते. पंपाचें तोंड तेवढें वर बांधलें म्हणजे मोह आपोआप आवरतो. विहिरीस कठडा व फरसबंद ओटा असावा. शौचकूप व उकिरडा निदान १५ मीटर दूर आणि उताराच्या बाजूस असावा. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरत, तेथें नारू पसरत असे. पाणी गाळण्याच्या संवयीनें व अशा विहिरींच्या सुधारणेनें २००० सालापर्यंत देश त्या रोगापासून मुक्त झाला, हें विसरूं नये. पिण्यासाठीं हजार लिटरांस अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर कालवून निदान एक तास पाणी स्थिर ठेवावें.

टांक्यास खर्च येतो, असा आक्षेप निघेल. परंतु कोरड्या गेलेल्या बोअरचा पैसा परत येत नाहीं. टांकें मात्र पिढीच्या उपयोगी पडतें. जेथें विहीरच नाहीं आणि छपराचें पाणी पुरत नाहीं, तेथें बोअर अवश्य घ्यावा. पण भूजल खात्याकडून जागा पाहून घ्यावी, आणि त्या पाण्यावर ऊंस लावूं नये.

नव्या घराचा नकाशा काढतांना देवघर व कोठार जसें आधीं ठरतें, तसेंच टांकेंहि ठरावें. मृगाची पहिली सर येण्यापूर्वीं पन्हळी लागल्या, तर पुढच्या वैशाखांत घरच्या बायकांच्या डोक्यावर दूरचा हंडा येणार नाहीं.