उसाला सहकार, कॉम्प्युटरला टेंडर

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. एकट्याचा ऊस कवडीमोल, सगळ्यांचा मिळून कारखाना. तेव्हापासून सोसायटीतून खत, संघात दूध, पतपेढीतून कर्ज... सहकार आपल्या रक्तात वगैरे आहे म्हणतात. आणि त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला पाच कॉम्प्युटर घ्यायचे असले की हेडमास्तर एकटे! तीन दरपत्रकं गोळा करा, तुलनात्मक तक्ता बनवा, सगळ्यात कमी दरवाला निवडा, बिल लावा, फाइल बंद.

आता तुमच्या ऑफिसात लॅपटॉप कसा येतो ते आठवा. नवीन माणूस रुजू झाला की टीम लीड लॅमिंग्टन रोडला दर विचारत फिरतो का? कंपनीने उत्पादकाशी तीन-चार वर्षांचा एकच करार केलेला असतो. दर ठरलेला, वॉरंटी ठरलेली, मशीन बिघडलं तर माणूस किती तासांत येणार तेही ठरलेलं. आपण तिकीट टाकतो आणि चहा प्यायला जातो. ही सोय कंपनी मोठी असल्यामुळे मिळते. मग राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून केवढं मोठं गिऱ्हाईक होईल? आपल्यापैकी कुठल्याही कंपनीपेक्षा मोठं. पण ते बाजारात जातं सुटं सुटं, किरकोळ गिऱ्हाइकासारखं.

लोकांना वाटतं एकत्र खरेदीचा फायदा म्हणजे स्वस्ताई. माझ्या मते तो दुय्यम. खरा फायदा कागदात असतो. एकटी शाळा विक्रेत्याला अटी घालू शकत नाही, ती फक्त अटींवर सही करते. पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी अधूनमधून मुलांना स्क्रॅच शिकवायला जातो. तिथे भिंतीवर मोठा इंटरअ‍ॅक्टिव्ह बोर्ड आहे, त्यावर स्वच्छ धुतलेली चादर. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सर, टच चालत नाही. विकणाऱ्याचा फोन लागत नाही. आणि हात लावून अजून काही झालं तर माझ्यावर यायचं." मी कागद मागितले. पावती होती, उद्घाटनाचा फोटो होता. दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची, यावर एक ओळ नाही.

बाहेर हे कसं करतात? अमेरिकेत १९९३ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांनी खरेदीसाठी एक आघाडी काढली, ती आज नॅस्पो व्हॅल्यूपॉइंट नावाने देशभर चालते. पद्धत साधी. एक राज्य पुढे होतं, टेंडर काढतं, करार करतं. कॉम्प्युटरच्या करारात हे काम मिनेसोटाने केलं. बाकीची राज्यं एक पुरवणी करार जोडून त्यात सामील होतात, आणि मग तिथली शाळा, कॉलेज, छोटं शहर, कोणीही त्याच अटींवर ऑर्डर देतं. करार वेबसाइटवर असतो, वाटेल त्याने वाचावा. चारशे मुलांच्या शाळेला एका राज्याच्या वकिलांनी घासून घेतलेली कलमं फुकट मिळतात.

पण तिकडचं सगळं डोळे मिटून उचलावं असंही नाही बरं का. तिथे अशा संस्थांचं पोट बहुधा विक्रेत्याने दिलेल्या शुल्कावर चालतं, म्हणजे विक्रीच्या काही टक्क्यांवर. जितका माल खपेल तितकी संस्थेची कमाई. अशी संस्था "हे घेऊ नका" असं कधी सांगणार? दुसरं म्हणजे करारातला दर बहुतेक वेळा कमाल मर्यादा असतो, त्याच्या खाली घासाघीस करायची मुभा असते. पण करार आहे म्हटल्यावर घासाघीस करतो कोण? तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या करारावर नंतर येऊन बसणं म्हणजे एकत्र खरेदी नव्हे. किती माल उठणार हे विक्रेत्याला आधी माहीत नसेल तर तो भाव का पाडेल? आकडा आधी सांगितला तरच एकत्र येण्याला वजन येतं. दूध संघ रोज किती लिटर येणार ते धरूनच टँकर लावतो ना!

आपल्या देशात चांगलं उदाहरण केरळचं. तिथे २००१ पासून शाळांसाठी आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प चालू होता, २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. तिने ४५ हजार वर्गखोल्यांसाठी लॅपटॉप, प्रोजेक्टर एकत्र घेतले. पण मला कौतुक संख्येचं नाही, करारातल्या एका अटीचं आहे. पाच वर्षांची वॉरंटी, तक्रार पोर्टलवर किंवा फोनवर, आणि ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुरवठादाराला दररोज दंड. शिवाय मशीनवर त्यांचं स्वतःचं लिनक्स, म्हणजे लायसन्सचा खर्च नाही. चादर घालायची वेळ येत नाही ती अशामुळे.

इथे कोणीतरी म्हणेल, "अहो, पण जेम आहे की!" आहे. २०१६ मध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये जुनं डीजीएस अँड डी बंद झालं. पण जेम हा बाजार आहे. मंडईत शंभर माणसं एकाच वेळी भाजी घेत असली म्हणून ती एकत्र खरेदी होत नाही. एकत्र येण्यासाठी कोणीतरी पुढाकार घेऊन मागणी गोळा करावी लागते, अटी लिहाव्या लागतात, नंतर पाच वर्षं विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. बाजाराच्या पोर्टलकडून ती अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. सगळं एकाच टेंडरात आलं की मलईही एकाच वाटीत. आणि मंत्रालयातून आलेलं गावात बसत नाही. २०२४-२५ चा गणवेश आठवा: कापड राज्याने एकदम घेतलं, गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. अगदी खरं. पण त्यात शाळांना कोणी विचारलं होतं? वरून लादलेली खरेदी आणि आपणहून जमलेली खरेदी यात तोच फरक आहे जो रेशनच्या दुकानात आणि ग्राहक भांडारात आहे. नको असेल तर बाहेर राहायची मुभा हवी, आणि बाहेर राहणाऱ्याने स्वस्तात मिळवून दाखवलं तर ते सगळ्यांना दिसायला हवं.

महानगरपालिकांचं तर विचारूच नका. एकूण २९. मुंबई सोडली तर बाकीच्या सगळ्या १९४९ च्या एकाच कायद्याखाली चालतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी, काम तेच. तरी सॉफ्टवेअरची टेंडरं बहुतेक आपापली. मुदत संपली की नवा ठेकेदार येतो आणि जुना म्हणतो, डेटा देतो पण एक्सेलमध्ये. स्कीमा? ती आमची. ज्यांनी एकदा तरी मायग्रेशन केलंय त्यांना या वाक्याने रात्रीची झोप का उडते ते सांगायला नको. निघून जायचं कलम एकटं शहर मागतं तेव्हा विक्रेता हसतो. दहा शहरांनी मिळून मागितलं तर लिहून देतो.

कॉलेजांच्या बाबतीत हे जमलेलं आहे, म्हणून अशक्य म्हणू नये. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि तालुक्याच्या सरकारी कॉलेजलाही आयआयटीइतकाच प्रवेश. खाजगी कॉलेजं बाहेर राहिली, आणि महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची गर्दी तर तिथेच आहे. असो, तो वेगळ्या शनिवारचा विषय.

मला हवंय ते फार मोठं नाही. एका जिल्हा परिषदेने पुढे व्हावं. टेंडर काढण्याआधी शेजारच्या चार-पाच जिल्ह्यांना आकडे विचारावेत, आणि तेवढा माल पहिल्या वर्षी नक्की उठेल असं लिहून द्यावं. दर दरवर्षी तपासावा, कारण कॉम्प्युटरचा भाव लोखंडासारखा टिकत नाही. दुरुस्तीला मुदत, उशिराला दंड, सही झालेला करार वेबसाइटवर. खर्च वर्गणीतून, विक्रीच्या टक्क्यांतून नाही. त्याला मंत्रालयातून शासन निर्णय लागेल, मान्य. तो आणणाऱ्या कोणाला तांत्रिक परिशिष्टाचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो. शनिवार-रविवार मोकळाच असतो.